एकट्या ‘रन’चे ६४५ अर्थ: इंग्रज पळतो तिथे आपण चालतो

२ जानेवारी २०२४ चा दिवस आठवतोय का बघा. ट्रक-टँकरवाल्यांचा संप, आणि महाराष्ट्रात कितीतरी शहरांत पेट्रोलपंपांवर ही भली मोठी रांग. मी स्कूटी घेऊन पाऊण तास उभी होते आणि मागचा-पुढचा प्रत्येक जण एकच शब्द बोलत होता, ‘हिट अँड रन’. नव्या भारतीय न्याय संहितेत, निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेणाऱ्या आणि पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला १० वर्षांपर्यंत शिक्षा अशी तरतूद आली होती, कलम १०६ चं दुसरं पोटकलम, त्यावरून हा सगळा प्रकार. त्याच रात्री सरकारशी बोलणी होऊन संप मिटला, आणि पुढे १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं.

आता त्या एका दिवसात ‘रन’ किती होते बघा. ‘हिट अँड रन’मधला रन म्हणजे पळून जाणं. पंपावर जी झुंबड उडाली होती तिलाही इंग्रजीत रनच म्हणतात, ‘अ रन ऑन पेट्रोल’. माझ्या पुढचा दादा बाईक ढकलत आला होता कारण टाकी कोरडी, त्यालाही रनच, ‘रन आउट ऑफ पेट्रोल’. आणि मुळात बाईक पेट्रोलवर चालते, तिथेही ‘रन्स ऑन पेट्रोल’! एकाच रांगेत चार रन आणि चौघांचं काम वेगळं.

हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. परवा शेजारची सई वही घेऊन आली, आठवीत आहे, सेमी-इंग्लिश. तिनं ‘ही लेफ्ट द टॅप रनिंग’ या वाक्याचं मराठी केलं होतं ‘त्याने नळ पळत सोडला’ आणि त्याच्यावर लाल पेनाची फुली. रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, डिक्शनरीत तर पहिला अर्थ पळणे असाच दिलाय. या एका शब्दाचे किती अर्थ पाठ करू?” तिची चूक मला चूक वाटलीच नाही, तिला जे शिकवलं तेच तिनं केलं होतं. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आधी आकडा बघू

इंग्रजीची सगळ्यात मोठी डिक्शनरी म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिची पहिली आवृत्ती पूर्ण झाली १९२८ मध्ये, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत सगळ्यात लांब नोंद होती ‘सेट’ या शब्दाची, क्रियापदाचेच चारशेच्या वर अर्थ. नंतर तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा आधी ‘मेक’ पुढे गेला, मग ‘पुट’, आणि २०११ मध्ये सगळ्यांना मागे टाकून ‘रन’ पहिला आला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ, नाम वेगळंच. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकारांनी ही एक नोंद तयार करायला सुमारे नऊ महिने घालवले.

लगेच मनात येतं की हे ६४५ खरे का, का उगाच शब्दाचा कीस पाडलाय. तर थोडं दोन्ही आहे. या डिक्शनरीत हजार वर्षांपूर्वीचे, आता कुणी वापरत नाही असे अर्थसुद्धा जपून ठेवतात, शिवाय माणूस पळतो, घोडा पळवतात, निरोप द्यायला पळतात हे सगळं वेगवेगळं मोजतात. शाळेच्या दप्तरात मावणाऱ्या डिक्शनरीत तेच अर्थ चाळणी लावून काही डझनांवर येतात. पण काही डझनही कमी नाहीत हो, आठवीच्या पोरीला.

हा एकच शब्द आहे की एका नावाचे अनेक शब्द?

हा फरक आधी कळला पाहिजे, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

मराठीत ‘वार’ घ्या. सोमवार मंगळवारमधला वार, कोयत्याचा वार, आणि आजी कापड मोजायची तो वार. या तिघांची नुसती नावं जुळली आहेत, नातं काही नाही, जसं एका वर्गात दोन पाटील असतात. इंग्रजीत ‘बॅट’ तशीच, क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ, दोघी वेगळ्या घरच्या.

आता ‘डोळा’ घ्या. माणसाचा डोळा, नारळाचा डोळा, बटाट्याला फुटतो तो डोळा, मोराच्या पिसावरचा डोळा. इथे नातं आहे आणि ते दिसतंय, कुणीतरी पहिल्यांदा बटाट्याकडे बघून डोळा म्हटलं असेल आणि ऐकणाऱ्याला न सांगता कळलं असेल. एकाच शब्दाला अशा फांद्या फुटतात त्याला भाषाशास्त्रात अनेकार्थता म्हणतात, इंग्रजीत पॉलिसेमी. झालं, अवघड शब्द एवढाच.

‘रन’ डोळ्यासारखा आहे, वारसारखा नाही. सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या.

इंग्रज पळतो, आपण चालतो

सईला मी म्हटलं, रन बाजूला ठेव, आधी मला ‘चालणे’चा अर्थ सांग. ती म्हणाली पायांनी जाणे. म्हटलं, मग घड्याळ चालतं त्याला पाय कुठे आहेत? बाबांचं दुकान चालतं, शाळा साडेबारापर्यंत चालते, कोर्टात खटला चालतो, जुनी नोट चालत नाही, आज माझं डोकं चालत नाहीये, घरात आजोबांपुढे कुणाचं काही चालत नाही. आई विचारते भात चालेल का, तू म्हणतेस चालेल. आणि सगळ्यात भारी म्हणजे उपासाला काय चालतं! साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, वरी चालते, आणि कोथिंबीर चालते की नाही यावर आमच्या घरात आई आणि सासूबाईंचं आजतागायत एकमत झालेलं नाही (आईकडे चालते, सासरी चालत नाही, आणि मी दोन्हीकडे गप्प राहून जेवते). परदेशातला मराठी शिकणारा माणूस ‘शेंगदाणे चालतात’ ऐकून काय करत असेल विचार करा. त्याच्या वहीवर पण लाल फुलीच.

हे आपण कुणी पाठ केलं का? नाही. पण चालणेचा गाभा आपल्याला आतून माहीत आहे: एखादी गोष्ट न अडता पुढे जात राहते. घड्याळ न अडता पुढे जातं, दुकान जातं, नोट एका हातातून दुसऱ्या हातात जाते, शेंगदाणा उपासाच्या नियमाला अडत नाही.

आता गंमत बघा, इंग्रजीत या जागांवर बऱ्याच वेळा ‘रन’ येतो. दुकान चालवणे, रन. मशीन चालते, रन. नाटक महिनाभर चाललं, रन. गाडी डिझेलवर चालते, रन. म्हणजे न अडता पुढे जाणं हीच कल्पना, फक्त त्यांनी पळणाऱ्या माणसाचं चित्र घेतलं आणि आपण चालणाऱ्याचं. आणि आपण एकटे नाही बरं का, फ्रेंच लोकही चालतातच. त्यांचं ‘मार्शे’ म्हणजे पायी चालणं, आणि मशीन नीट चालतं त्यालाही तेच, आणि एखाद्या बेताला होकार द्यायचा तर म्हणतात ‘सा मार्श’, शब्दशः ‘हे चालतं’. आपलं ‘चालेल’च की हे! पॅरिसमधला माणूस आणि साताऱ्यातला माणूस, कधी भेट नाही, आणि होकार एकाच चित्रातून देतात, मला हे फार आवडतं.

मुळात दोनच गोष्टी, पाय आणि पाणी

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द दोन कामं करत होता, पायांनी वेगानं जाणं आणि पाणी वाहणं. जर्मन ही इंग्रजीची चुलत बहीण, तिच्यात ही जोडी अजून वेगवेगळी दिसते, ‘रेनेन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणं. इंग्रजीत दोन्ही एकाच ‘रन’मध्ये मिसळले.

म्हणून सईचा नळ. तो पळत नव्हता, वाहत होता, आणि हा अर्थ कुणी मागाहून चिकटवलेला नाही, तो पहिल्यापासून घरचाच आहे. नाक वाहतं तेही रन, नवा कुर्ता धुताना रंग जातो तेही रन (वाहत दुसऱ्या कपड्यात जातो ना). घराण्यात डायबेटिस असतो त्याला ‘रन्स इन द फॅमिली’ म्हणतात, आपण म्हणतो रक्तातच आहे. आणि भांड्यातलं वाहून गेलं की भांडं रिकामं, तिथून संपणं, ‘रन आउट’. वाळूचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा, वरची वाळू सरसर खाली गेली की वेळ संपली. पंपावरच्या दादाची टाकी त्याच फांदीवर.

पायांच्या बाजूला पळून जाणं आहे, शर्यत आहे आणि क्रिकेट आहे. क्रिकेटचा रन म्हणजे दोन्ही बॅट्समननी पिचच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पळणं, त्या एका पळण्याला एक रन. मग पुढे चेंडू सीमारेषेपलीकडे गेला की कुणी एक पाऊल न टाकता चार रन मिळायला लागले. बघा कसा सरकतो शब्द, आधी पळणं, मग पळण्याचा हिशेब, मग नुसता हिशेब, पळणं गळून गेलं. आणि मराठीनं ‘धावा’ शब्द घेतला तेव्हा हा सगळा प्रवास आपणही आयताच घेतला, चौकाराच्या चार ‘धावा’ आपण धावफलकावर मांडतो आणि कुणाला खटकत नाही.

सुतार काका आणि रनिंग फूट

मागच्या दिवाळीआधी आम्ही किचनची ट्रॉली आणि वरची कपाटं करून घेतली. सुतार काका टेप लावून भिंतीच्या कडेकडेनं सरकत गेले, कोपऱ्यात वळले, परत पुढे, आणि म्हणाले “ताई, पंधरा रनिंग फूट भरतंय.” मी विचारलं रनिंग म्हणजे काय, तर म्हणाले “म्हणजे सलग. स्क्वेअर फूट नाय, नुसती लांबी, वळली तरी मोजायची.” इंग्रजीचा कुठलाही मास्तर यापेक्षा चांगलं सांगू शकणार नाही.

ही तिसरी फांदी. पळणारा माणूस किंवा वाहणारं पाणी मागे एक रेघ सोडतं, ती रेघ मग स्वतःच रन होते. कुंपण नदीकाठानं जातं, रन. करार मार्चपर्यंत आहे, रन. सलग तीन दिवस पाऊस, ‘थ्री डेज रनिंग’. शिवणातली रनिंग स्टिच. आणि इथे मराठीनं कमाल केली आहे, तिला आपल्याकडे नाव आहे धावदोरा! गोधडीवर जो सरळ टाका घालत जातात तो. गोधडी शिवणाऱ्या आजीला ‘रन’ माहीत असण्याचं कारण नाही, पण दोरा धावतो हे तिलाही दिसतं. तसंच हा रस्ता कोल्हापूरला जातो म्हणतो आपण, रस्ता कुठे जातो, तो तिथेच पडलेला असतो, आपली नजर जाते.

बँक रन म्हणजे बँक पळते का

हा शब्द बातम्यांत येतो आणि भल्याभल्यांना कळत नाही. बँक पळत नाही, लोक बँकेकडे पळतात.

आपण बँकेत ठेवलेले पैसे तिजोरीत आपल्या नावानं गठ्ठा बांधून ठेवलेले नसतात. थोडे रोख ठेवून बाकीचे बँक कर्जाला देते, रोख्यांत गुंतवते. भिशीसारखं समजा, बारा बायकांची भिशी, सगळ्यांचे पैसे सुरक्षित आहेत पण एकाच दिवशी बाराही जणी आल्या आणि म्हणाल्या आत्ता द्या, तर कुठून देणार? बँक ठणठणीत असली तरी सगळे एकदम आले की कोसळू शकते, आणि ती कोसळेल या भीतीनंच सगळे एकदम येतात. भीती स्वतःच खरी ठरते, हे त्यातलं भयंकर.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं हेच झालं. ९ मार्च २०२३ या एका दिवसात लोकांनी सुमारे ४२ अब्ज डॉलर काढायला लावले आणि दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं. आणि तिथे फारसं कुणी पळालंही नाही! मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर बसल्या जागी पैसे फिरवले. चौकारासारखंच, पळणं गळून गेलं आणि नाव राहिलं. (जाता जाता, आपल्याकडे ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा आहे, त्याआधी १ लाखच होता, हे घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.)

कुणी निवडणुकीला पळतं, कुणी उभं राहतं

अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, त्यांच्या डोळ्यांपुढे शर्यत आहे. ब्रिटनमधला उमेदवार मात्र ‘स्टँड’ करतो, उभा राहतो. एकाच भाषेत एकाच कामाला एक देश पळतो आणि एक उभा! आपण मराठीत निवडणुकीला उभं राहतो, म्हणजे चित्र ब्रिटिशांसारखं, आणि शिवाय निवडणूक लढवतोही. म्हणून अमेरिकेची बातमी मराठीत करताना कुणी ‘अध्यक्षपदासाठी धावत आहेत’ लिहिलं की कानाला बोचतं, ते मराठी नाहीच.

एकाच शब्दावर एवढं ओझं म्हणजे इंग्रजी गरीब का?

असं बरेच जण म्हणतात, आपल्याकडे बघा प्रत्येकाला वेगळा शब्द. मला हे पटत नाही. वर ‘चालणे’चं बघितलंच, आणि ‘लागणे’ तर त्याचा बाप आहे: भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, घाटात गाडी लागते, आणि तो माझा मामा लागतो.

आमच्या आजोबांचा एक पंचा होता. अंग पुसायला तोच, उन्हात डोक्याला तोच, बाजारातून आंबे बांधून आणायला तोच, दुपारी पारावर अंथरायला तोच. घरात शाल होती, टॉवेल होता, पिशव्या होत्या, पण हाताशी पंचा असायचा. शब्दांचं असंच होतं, जो सारखा हाताशी असतो त्याच्यावर कामं पडत जातात. जॉर्ज झिफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९४० च्या दशकात हेच मांडलं होतं, की जो शब्द जास्त वापरात त्याचे अर्थही जास्त. ‘थर्मामीटर’चा एकच अर्थ आहे कारण त्याला कुणी रोज हात लावत नाही.

आणि नवीन गोष्ट आली की लोक नवा शब्द घडवत बसत नाहीत, जुनाच पुढे करतात. यंत्रं आली, ती ‘रन’ व्हायला लागली, मग कारखाना, मग धंदा, मग कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम. तो प्रोग्राम पुण्यातला पोरगा पण ‘रन करून बघ’च म्हणतो.

मग गोंधळ का होत नाही?

कारण शब्द एकटा येत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण माणसांपेक्षा शब्दांना जास्त लागू आहे. नळ शेजारी आला की रनला पाण्याचा गुण लागतो, बँक आली की झुंबडीचा, नाक आलं की सर्दीचा. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये हेच सांगितलं होतं, शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा. आज कॉम्प्युटर भाषांतर करतो तोही हेच करतो, आजूबाजूचे शब्द बघतो. पंपावरचे दोन ‘रन ऑन पेट्रोल’ बघा, एकात आधी ‘अ’ आहे, दुसऱ्यात आधी गाडी आहे. तेवढ्यावर इंग्रजी माणसाला फरक कळतो.

मराठीत आणताना

इथे एकच शब्द धरून चालत नाही. कधी ‘धाव’ छान बसते, रनवेची धावपट्टी, रन आउटचं धावबाद. कधी सगळं चित्रच बदलावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीकरणाआधी देशभर ‘ड्राय रन’ झाला, लस न टोचता नुसती तयारी करून बघायची. ‘कोरडी धाव’ म्हटलं असतं तर काय कळलं असतं? आपल्याकडे नाटकवाल्यांनी घडवलेला शब्द आहे, रंगीत तालीम. इंग्रजीत कोरडं ते मराठीत रंगीत, आणि अर्थ चोख.

म्हणून सईला मी सांगितलं, अर्थांची यादी पाठ करू नकोस. वहीत ‘रन = पळणे’ लिहिण्याऐवजी पूर्ण वाक्य लिही, नळाचं एक, दुकानाचं एक, नाकाचं एक, आणि प्रत्येकासमोर आपण ते घरात कसं बोलतो ते लिही. तिचं पान भरलं आणि तिनं शेवटी मला एक विचारलं जे मला पटकन सांगता येईना, ‘रन ऑफ द मिल’. अर्थ माहीत होता, साधारण, नेहमीचंच. पण गिरणीचा काय संबंध?

तिचे आजोबा आत झोपाळ्यावर बसून ऐकत होते. परळला गिरणीत होते, साचेखात्यात (साचा म्हणजे माग), ८२ च्या संपापर्यंत. म्हणाले, “साच्यावरनं उतरलेलं कापड सगळं सारखं नसतं. ते घडीखात्यात जायचं, तिथं तपासायचे, चांगलं एकीकडं, डाग पडलेलं, धागा तुटलेलं एकीकडं. त्याच्या आधीचा जो माल, निवडलेला नाही, जसा निघाला तसा, तो साधा माल.” सईनं ते तसंच लिहून घेतलं. मग आजोबा म्हणाले, “आम्ही म्हणायचो साचा चालतोय. साहेब यायचा आणि विचारायचा, रनिंग?”